बारावं टोकन

शहर जिथे संपतं आणि बस जिथून वळसा घेऊन परत फिरते, तिथे ती गल्ली होती. दोन्ही बाजूंना मिळून अठरा घरं, सगळी एका माळेचे मणी: पुढे तीन पायऱ्या, हिरवं फाटक, डाव्या हाताला पाण्याचा मीटर, उजव्या हाताला पत्रपेटी. नव्याने राहायला आलेला माणूस पहिला महिनाभर हमखास शेजाऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावून बघायचा आणि वर कुलूप बिघडलं म्हणून चिडायचा. सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासात अख्खी गल्ली शहराकडे निघून जाई. मग दिवसभर तिथे तीनच जीव उरत. एक म्हातारा कुत्रा, एक पार्सलवाला, तोही येऊन-जाऊन, आणि तिसऱ्या मावशी.

मावशींना मावशी सगळेच म्हणत. पोरंसोरं पाठीमागे टोकनमावशी म्हणत, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वे स्टेशनच्या क्लोकरूममध्ये काढली होती. लोकांनी सामान द्यायचं, मावशींनी त्याला पितळी टोकन बांधायचं आणि त्याच नंबरचं दुसरं टोकन लोकांच्या हातात ठेवायचं. टोकन दाखवा, सामान न्या. टोकन नसेल तर खुद्द स्टेशनमास्तर आला तरी बॅग मिळणार नाही. एकदा एक नवरदेव लग्नाचा सूट आत ठेवून टोकन हरवून बसला. साहेब येऊन सही करेपर्यंत मावशींनी त्याला अडीच तास बाकावर बसवून ठेवला. तो चिडला, रडकुंडीला आला, शेवटी आपला आपणच हसायला लागला. मावशी काही हलल्या नाहीत. एकतीस वर्षांत आपल्या हातून एक पिशवी इकडची तिकडे झाली नाही, हे त्या कोणी न विचारता सांगत.

पुढे स्टेशनवर आपोआप उघडणारी कपाटं आली आणि मावशी घरी बसल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी जुन्या टोकनांच्या बारा जोड्या एका डब्यात घालून दिल्या. दुसरी बाई असती तर तो डबा माळ्यावर गेला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तेव्हा मावशींचे यजमान होते. त्यांनी दारामागच्या भिंतीवर एक फळा ठोकला, फळ्याला बारा खिळे मारले आणि म्हणाले, "घे, आता गल्ली सांभाळ."

आणि खरोखरच गल्ली त्यांच्या हाती आली. सदान्‌कदा माणूस असलेलं घर तेवढं एकच. कोणाची कामवाली अकराला येणार, कोणाचा नळदुरुस्तीवाला दुपारी, कोणी आपली किल्ली ऑफिसातच विसरून येणार. हळूहळू अकरा घरांच्या जादा किल्ल्या अकरा खिळ्यांवर आल्या. प्रत्येकीला एक टोकन बांधलेलं, त्याचा जोडीदार मालकाच्या खिशात. बाराव्या खिळ्यावर मावशींनी स्वतःच्या घराची जादा किल्ली अडकवली, कारण खिळा रिकामा बरा दिसत नाही. तिचं जोडीचं टोकन टेबलाच्या खणात पडून असे. स्वतःची जादा किल्ली स्वतःच्याच घरात टांगण्यात काय शहाणपण, हे त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांच्याही डोक्यात कधी आलं नाही.

यजमान गेले त्याला आठ वर्षं झाली. मुलगा विमानाने सात तास लागतील एवढ्या लांब. तो दर रविवारी फोन करी, मावशी त्याला गल्लीची खबरबात देत, आणि सोमवार उजाडला की पुन्हा ते घर, तो फळा आणि खिडकीतून दिसणारी रिकामी गल्ली. किल्ली मागायला दार वाजलं की त्या उठताना पदर सारखा करत. तेवढंच काय ते त्यांचं बोलणं-चालणं. "टोकन?" "हे घ्या, मावशी." "बरं आहे ना सगळं?" "हो, हो, घाईत आहे." एवढ्यावरही त्यांचा दिवस निघे.

मग मागच्या थंडीत ते झालं.

समोरच्या घरात एक नर्सबाई राहत, त्या आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी, दोघीच. त्या दिवशी शाळेत पाण्याची टाकी फुटली आणि मुलांना दुपारी एकलाच सोडून दिलं. मुलगी दप्तर घेऊन मावशींच्या दारात आली.

"मावशी, आमची किल्ली द्या ना."

"टोकन?"

"आईकडे आहे."

"मग आईला येऊ दे."

मुलीने मान वाकडी करून फळ्याकडे बघितलं. पाचव्या खिळ्यावर त्यांची किल्ली सरळ दिसत होती, लाल दोरीसकट. "पण तुम्ही मला ओळखता ना?"

"ओळखते की. पण ओळख वेगळी आणि टोकन वेगळं."

मावशींनी काहीच केलं नाही असं नाही. त्यांनी वॉर्डात फोन लावला, नर्सबाई ऑपरेशनला उभ्या होत्या, म्हणून निरोप ठेवला, निरोप घेणाऱ्याचं नावही विचारून घेतलं. नियमाप्रमाणे जे करायचं ते सगळं केलं. मुलगी रस्ता ओलांडून आपल्या पायरीवर जाऊन बसली. मावशी दर पंधरा मिनिटांनी खिडकीतून बघत होत्या. मुलगी आधी पुस्तक वाचत होती, मग दप्तर मांडीवर घेऊन नुसतीच बसली, मग पाय घट्ट जुळवून पुढेमागे डुलायला लागली. साडेतीनच्या सुमाराला ती रडत होती. नर्सबाई साडेचारला आल्या तेव्हा मुलीचा स्कर्ट ओला होता आणि ती आईच्याही अंगाला हात लावू देत नव्हती.

पाच मिनिटांनी नर्सबाई टोकन घेऊन मावशींच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर परवडलं असतं.

"नियम मलाही कळतात, मावशी. माझ्या वॉर्डात नियमच नियम आहेत. किल्ली दिली नाहीत, एक वेळ बरोबर केलंत. पण तिला आत घ्यायला कोणतं टोकन लागत होतं?"

मावशींना तोंडात मारल्यासारखं झालं. कारण त्यांनी मुद्दाम केलं असतं तर निदान उत्तर तरी असतं. त्यांना ते सुचलंच नव्हतं. क्लोकरूमच्या काउंटरला एक उचलायची फळी होती आणि तिची कडी कायम लावलेली असायची. लोक त्या बाजूला, मावशी या बाजूला. एकतीस वर्षांत त्या फळीतून कोणाला आत घेतलं नाही, तेव्हा "आत ये" हे दोन शब्द तोंडात यायचे कुठून? त्यांनी टोकन घेतलं, लाल दोरीची किल्ली काढून दिली, आणि दोन्ही टोकनं त्यांच्याच हातात राहिली. दोन्ही टोकनं आपल्याकडे आली म्हणजे व्यवहार संपला, असा तिथला हिशेब असे.

गल्लीत गोष्ट पसरायला दुसरा दिवसही लागला नाही. कोणी मावशींना वाकडा शब्द बोललं नाही. फक्त पुढच्या महिन्यात तिसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवाल्या जोडप्याने दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, चार आकडे दाबा की दार उघडलं. मग विमावाल्यांनी बसवलं. मग एकाचं बघून दुसऱ्याने. एकेक जण येऊन टोकन देई, किल्ली नेई, "थँक्यू हं मावशी, फार मदत झाली तुमची" म्हणे. गरज सरो, वैद्य मरो. उन्हाळ्यापर्यंत फळ्यावर दोनच किल्ल्या उरल्या. एक त्यांची स्वतःची आणि एक चौथ्या घरातली. ते लोक घर विकून निघून गेले होते, नव्या मालकाने कुलूपही बदललं होतं, त्या किल्लीने आता जगात काहीच उघडत नव्हतं. तरी मावशींनी ती काढली नाही.

मुलाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. "किल्ल्या काय म्हणतात?" तो गमतीने विचारी. "आहेत जागच्या जागी," त्या म्हणत.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तो याच सुमाराला. पत्रपेटीवरचे आकडे पुसट झाले, चहा कपाच्या बाहेर पडू लागला. दवाखान्याने गुरुवारची तारीख दिली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे ओढला.

"घरी कोण असतं, आजी?"

"मीच."

"मग पहिल्या दिवशी लक्ष ठेवणारं कोणीतरी लागेल. आत तुम्हाला चक्कर आली, दार उघडता आलं नाही, तर? तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"किल्ल्या सगळ्या माझ्याकडे असायच्या," मावशी म्हणाल्या. "गल्लीच्या."

"ते झालं. तुमची कोणाकडे असते?"

मुलगी वाईट नव्हती, तिने पेन खाली ठेवलं. "बुधवार संध्याकाळपर्यंत फोन करून सांगा. कोणीच नसेल तर तारीख पुढे ढकलावी लागते, चार महिने तरी. नियम आहे, मी काही करू शकत नाही."

काउंटरच्या त्या बाजूला बसून हेच वाक्य मावशी आयुष्यभर बोलत आल्या होत्या.

चार महिने. तोवर डाव्या डोळ्यानेही मान टाकली असती. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी जरा चाचपून बघितलं. तो म्हणाला, "आई, यात काय एवढं? अकरा घरांच्या किल्ल्या तू सांभाळतेस, तुझी एक सांभाळायला कोणी ना कोणी असेलच की." मावशी म्हणाल्या, "हो, तेही खरंच," आणि हवापाण्यावर आल्या.

सोमवारी त्या तिसऱ्या घरी गेल्या. बेल दाबली तर दाराऐवजी बेलच बोलायला लागली. "मावशी, आम्ही दोघंही ऑफिसात आहोत, तुम्ही दिसताय आम्हाला. काही अर्जंट आहे का? नाहीतर मेसेज टाका ना." त्या पितळी टोकन बांधलेली किल्ली मुठीत धरून बेलकडे बघत राहिल्या. एवढ्याशा भोकाला आपलं सांगायचं तरी काय? "काही नाही, सहज आले होते," म्हणाल्या आणि परत फिरल्या.

मंगळवारी संध्याकाळी विमावाल्यांकडे. विमावाले बोलायला साखरेहून गोड. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, डोळ्याची चौकशी केली, आपल्या आत्याच्या डोळ्याची हकिकत सांगितली. किल्लीचं नाव निघताच ते सावरून बसले. "त्याचं काय आहे मावशी, आमचं येणं-जाणं काही ठरलेलं नाही. उद्या तुम्हाला गरज पडली आणि आम्ही नसलो, तर उगाच आमच्या जिवाला घोर. त्यापेक्षा तुम्हीही नंबरवालं कुलूप बसवून घ्या. किल्लीची कटकटच नको." म्हणजे डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईने आकडे चाचपत दारात उभं राहायचं. मावशींना हसू आलं, आणि घरी येईपर्यंत ते हसू कुठे गेलं ते कळलंही नाही. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. आपण मेलो तर कोणाला कधी कळेल याचा त्यांनी शांतपणे अंदाज बांधला. रविवारी, फोन उचलला नाही म्हणून. तोही कदाचित पुढच्या.

उरलं समोरचं घर. सात महिने त्या दाराकडे त्यांनी मान वर करून बघितलं नव्हतं. खरं तर नर्सबाईंचं दार बारा पावलांवर होतं आणि बाकी गल्ली पालथी घालायची काही गरज नव्हती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कोणत्या तोंडाने जायचं?

बुधवारी पाच वाजता त्या गेल्या. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताना त्यांना आठवलं, मुलगी त्या दिवशी याच पायरीवर बसली होती. दार नर्सबाईंनी उघडलं. अंगावर अजून ड्युटीचेच कपडे होते.

"बोला."

मावशींनी किल्ली पुढे केली. "उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. किल्ली कोणाकडे तरी ठेवा म्हणतात. नाही ठेवली तर करत नाहीत." मग त्यांना वाटलं की हे फार कोरडं झालं. "त्या दिवशी मी..."

"उद्या सोडणार किती वाजता?" नर्सबाईंनी मध्येच विचारलं.

"तीनला म्हणाले."

"मी साडेचारच्या आत येऊ शकत नाही. टॅक्सीने या, बसने नको. मुलीला उद्या लवकर सोडतात, ती घरी असेल. मी आल्यावर डोळ्यात थेंब घालून जाईन. फॉर्मवर माझा नंबर द्या." त्यांनी किल्ली घेतली. मावशी पिशवीतून जोडीचं टोकन काढून दाखवू लागल्या तेव्हा नर्सबाईंचा चेहरा आवळला. "ते राहू द्या, मावशी. त्याचं मला काही सांगू नका."

दार लागलं. माफी मागायची राहूनच गेली. पण काम झालं होतं, आणि मावशींनी घरी येऊन दवाखान्याला फोन केला तेव्हा नर्सबाईंचा नंबर दोनदा सांगितला.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. साडेतीनला टॅक्सीने त्यांना फाटकाशी सोडलं. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी, डाव्यातून सगळं धुरकट. पायऱ्या चढून त्यांनी पर्समध्ये हात घातला. किल्ली नव्हती. पर्स पायरीवर उलटी केली: रुमाल, औषधाची बाटली, चष्म्याचं घर, पण किल्ली नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑपरेशनला आत नेताना तिथल्या नर्सने सगळं एका ट्रेमध्ये काढून ठेवायला लावलं होतं. एकतीस वर्षं लोकांच्या चीजवस्तू सांभाळलेल्या बाईची स्वतःची किल्ली दवाखान्याच्या ट्रेमध्ये राहिली होती, आणि तिला कोणी टोकनही बांधलं नव्हतं.

टोकन मात्र होतं, पर्सच्या आतल्या कप्प्यात. बारा नंबर. मावशींनी ते मुठीत धरलं आणि समोर जायला वळल्या, तोच फाटक वाजलं. मुलगी आलीच होती. खिडकीतून बघत असणार. तिने काही न विचारता पायऱ्या चढून कुलूप उघडलं, दार आत ढकललं आणि किल्ली मावशींपुढे धरली.

मावशींनी टोकन पुढे केलं.

"हे कशाला?" मुलीने विचारलं.

"किल्ली घेताना दाखवायचं असतं."

"पण मला माहितीये तुम्ही कोण ते."

मावशींचा पुढे केलेला हात तसाच राहिला. घ्यायला कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी तो खाली घेतला, किल्ली घेतली, आत पाऊल टाकलं आणि मागे वळून सात महिने तोंडाशी येऊन राहिलेले दोन शब्द उच्चारले.

"आत ये."

मुलीने आत बघितलं. फळ्याकडे, रिकाम्या खिळ्यांकडे. "नको," ती म्हणाली. "आईने सांगितलंय, ती येईपर्यंत तुम्हाला सोडून जायचं नाही. मी इथे पायरीवर बसते. मला सवय आहे."

टोमणा मारला असता तर मावशींनी तो गिळला असता. पण तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने सहज सांगितलं आणि पायरीवर बसली.

मावशी आत गेल्या. किल्ली बाराव्या खिळ्यावर अडकवली आणि सांगितल्याप्रमाणे पलंगावर उशी उंच करून पडल्या. उघड्या दारातून डाव्या डोळ्याला ती अंधूक दिसत होती, पाठमोरी, गुडघ्यांवर वही ठेवलेली. घरात घड्याळाचा आवाज तेवढा होता. त्यांच्या मनात आलं, त्या दिवशी ती साडेतीन तास बसली होती आणि आपण चौदा वेळा बघितलं. चौदा वेळा. पट्टीखाली डोळा चुरचुरायला लागला. रडायचं नाही असं दवाखान्यात बजावून सांगितलं होतं.

त्या उठल्या. भिंतीला धरत दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून एकेक पाय बाहेर टाकला आणि कठड्याचा आधार घेत घेत मुलीशेजारी पायरीवर टेकल्या. दगड थंडगार होता.

मुलीने वही बाजूला केली. "तुम्हाला पडून राहायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"मग? नियम असेल ना तो?"

"आहे," मावशी म्हणाल्या.

मुलीने त्यांच्या पट्टीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. थोड्या वेळाने ती दप्तर उचलून जराशी पलीकडे सरकली, मावशींना पाय लांब करता यावेत एवढी. गल्लीत कोणी नव्हतं. नर्सबाई यायला अजून पाऊण तास होता, आणि तोपर्यंत दोघी तिथेच बसल्या.